लांछन, देवक आणि निशाणी : घराण्याच्या खुणेची कथा

‘लांछन’ हा शब्द आज आपण कलंक या एकाच अर्थाने वापरतो. घराण्याला लांछन लावलेस, असे वडीलधारी माणसे रागाने म्हणतात. मूळ संस्कृतात मात्र लांछन म्हणजे नुसती खूण. अंगावरच्या हरणासारख्या डागामुळे चंद्र मृगलांछन झाला, छातीवरील खुणेमुळे विष्णू श्रीवत्सलांछन झाला. जैन मंदिरात मूर्तीच्या बैठकीवर बैल दिसला की आदिनाथ आणि सिंह दिसला की महावीर, असे ओळखतात. त्या खुणेलाही लांछनच म्हणतात. आपल्या दख्खनच्या जुन्या राजकुळांनी ताम्रपटांत बिरुदांबरोबर आपले लांछन आणि आपला ध्वज मोठ्या अभिमानाने सांगितला आहे. बदामीच्या चालुक्यांचा वराह, गोव्याच्या कदंबांचा सिंह, देवगिरीच्या यादवांचा आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचा सुवर्णगरुड ही अशी लांछने होत. म्हणजे जी खूण मिरवायची, तिलाच पुढे डागाचा अर्थ चिकटला. हे कसे झाले ते भाषापंडितांनी सांगावे.

जीर्णोद्धार समितीने या विषयावर लिहिण्यास सांगितले, त्यास कारण घडले. देणगीदारांची नावे कोठे आणि कशी कोरावीत हा प्रश्न निघाला, तेव्हा बाहेरगावी स्थायिक झालेल्या काही मंडळींनी नावासोबत आपल्या घराण्याचे चिन्हही कोरावे अशी इच्छा दाखविली. एक-दोन चित्रेही आली. मध्ये ढाल, दोन बाजूंना दोन पायांवर उभे सिंह, वर शिरस्त्राण आणि खाली फडकती पट्टी, अशी ती विलायती धाटणीची चित्रे होती. बैठकीत बरीच चर्चा झाली, थोडी कडूही झाली. हौस वाईट नाही, आणि आपल्या पूर्वजांची आठवण राहावी असे वाटणे तर उलट कौतुकाचे. परंतु ही ढाल आणि हे सिंह आले कोठून, आणि आपल्या घराण्यांना स्वतःची खूण होती की नाही, हे गावाने एकदा नीट पाहावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम त्या ढालीविषयी. युरोपात इसवी सनाच्या बाराव्या शतकात ही पद्धत रुजली. सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात झाकलेला, तोंडही दिसत नाही. मग आपला कोण आणि शत्रूचा कोण? १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यम पडला अशी आवई उठली, तेव्हा त्याने शिरस्त्राण वर करून सैन्याला तोंड दाखविले, असे त्या काळच्या एका भरतकामाच्या लांब पटावर दाखविले आहे. पुढे ढालीवर ठळक रंगात खूण रंगविण्याची चाल पडली आणि बापाची खूण मुलाकडे जाऊ लागली. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, बाकीचे रंग. धातूवर रंग किंवा रंगावर धातू बसवावा, रंगावर रंग बसवू नये, असा नियम झाला. दुरून ओळख पटली पाहिजे, एवढाच त्यात शहाणपणा. पुढे लढाईतली गरज संपली तरी खूण राहिली आणि तिचे दफ्तर ठेवणारी कचेरी लंडनला १४८४ साली स्थापन झाली. ती आजही चालू आहे. तेथे नियम असा की, चिन्ह दिले जाते ते ठराविक माणसाला आणि त्याच्या वंशाला. आडनाव सारखे म्हणून दुसऱ्याने ते वापरावे, हे चालत नाही. बाजारात आडनाव सांगितले की चिन्ह छापून देणारे दुकानदार पुष्कळ आहेत, त्यांच्याकडील चित्राला या नियमाने काही किंमत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या घराण्यांची सर्वांत जुनी खूण म्हणजे देवक. लग्न किंवा मुंज निघाली की आधी देवक बसते, मग बाकीचे. हे देवक बहुधा झाडाची डहाळी, वेल, फूल, पक्ष्याचे पीस किंवा हत्यार असते. मोऱ्यांचे मोराचे पीस, साळुंख्यांचे साळुंकीचे पीस, कदमांचा कळंब, पवारांची तलवारीची धार ही सर्वांच्या ऐकण्यातली. पुष्कळ घरांत पंचपल्लव असतात. ते पाच कोणते, याबद्दल गावोगाव वेगळे ऐकू येते. एकाच आडनावाची दोन ठिकाणी दोन देवकेही आढळतात, म्हणून छापील याद्या पाहून कोणी वाद घालू नये. घरची परंपरा हाच खरा आधार. आणि देवक ही कोण्या एका जातीची मिरास नव्हे. मराठा, कुणबी, धनगर, माळी, महार, कुंभार, लोहार, तेली, सर्वांत देवके आहेत; कारागिरांच्या कुळांत तर पुष्कळदा रोजचे हत्यार हेच देवक असते. ज्यावर पोट चालते तेच मांडवात देवाच्या जागी ठेवायचे, यापेक्षा सरळ खूण कोणती असणार?

विलायती ढालीशी याची तुलना केली तर एक भेद चटकन ध्यानात येतो. ढाल परक्याला आपली ओळख सांगते. देवक घरच्यालाच बंधने सांगते. ज्या कुळाचे जे झाड, ते त्या कुळाने तोडू नये, जाळू नये, त्याच्या पानावर जेवू नये. ज्यांचे देवक एक, ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे देवक माहीत असणे ही हौस नव्हती, गरज होती. गोव्याच्या आणि बनवासीच्या कदंब राजांनी तर कुळाचे नावच कदंब वृक्षावरून घेतले. राजाचे कुळ आणि आपल्यातील कदमांचे घर, दोघांनीही एकाच झाडाकडे बोट दाखवावे, यात आपल्या समाजाची वीण दिसते.

दुसरी खूण गावगाड्याची, आणि प्रस्तुत लेखकाला तीच सर्वांत प्रिय आहे. शिवकालातील आणि पेशवाईतील वतनाच्या तंट्यांचे महजर अभ्यासकांनी मोठ्या संख्येने प्रसिद्ध केले आहेत. तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, शेजारच्या गावचे वतनदार आणि बलुतेदार असे सारे जमत. शिवेचा वाद असला तर महारांच्या साक्षीला मोठे वजन असे, कारण शीव त्यांच्या पायाखालची. निवाडा झाला की कागद होई आणि त्याखाली साऱ्यांच्या साक्षी पडत. ज्याला लिहिता येई तो दस्तक करी, बाकीच्यांच्या नावापुढे निशाणी. पाटलाची निशाणी नांगर. सुताराची वाकस, न्हाव्याची आरसा, परटाची मोगरी, तेल्याची पहार, कुंभाराचे चाक. कागदाकागदांत थोडा फरक सापडतो, पण पाटलापुढे नांगर हे जवळजवळ ठरलेलेच.

यात पाहण्याजोगी गोष्ट अशी की, गावचा पहिला मानकरी जो पाटील, त्याने तलवार नाही घेतली, सिंह नाही घेतला. घरात तलवारी होत्या. कित्येक पाटलांनी लढाया मारल्या होत्या. पण कागदावर खूण करायची वेळ आली की नांगर. आणि त्याच कागदावर, त्याच रांगेत, न्हाव्याचा आरसा आणि परटाची मोगरी. त्या निशाण्यांखेरीज तो कागद पुरा होत नसे. गावात उच्चनीच होते, भरपूर होते, अन्यायही होता, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण साक्ष खरी ठरण्यासाठी प्रत्येकाची खूण लागत होती, हेही तितकेच खरे. आपल्या गावाला चिन्ह हवेच असेल तर या महजरांच्या तळाशी ते केव्हाचे काढून ठेवलेले आहे.

तिसरी खूण म्हणजे मुद्रा. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा आपल्या परिचयाची आहे. आसपासचे बहुतेक शिक्के फारसीत असताना ती संस्कृतात कोरलेली आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढणारी, जगाने वंदिलेली, शहाजीच्या पुत्राची ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय. तिच्यात ना वाघ, ना हत्ती. चित्र आहे ते शब्दांतले, आणि तेही पौर्णिमेच्या पूर्ण चंद्राचे नव्हे, तर नुकत्या उगवलेल्या कोरीचे. पत्राच्या शेवटी दुसरा लहान शिक्का असे, त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ एवढीच अक्षरे. येथे मजकूर संपला, याखाली कोणी ओळ वाढवू नये, हा त्याचा व्यवहारातला उपयोग. पुढे पेशव्यांच्या शिक्क्यांतही आधी छत्रपतींचे नाव आणि मग प्रधानाचे, असा क्रम राहिला. सत्ता प्रत्यक्षात कोणाकडे होती हे सर्वांस ठाऊक होते, तरी शिक्क्याने क्रम सोडला नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने नवा ध्वज स्वीकारला, त्यावरील अष्टकोन महाराजांच्या या मुद्रेवरून घेतलेला आहे.

एवढे पाहिल्यावर विलायती ढाल आपल्या मुलखात कशी आली याची हकीकत सांगतो. ती राजवाड्यात येण्याआधी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या घरात आली. जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १७८३ चा. पोरवयात आईबाप गेले. सासऱ्यांसमवेत रिकाम्या बाटल्यांचा धंदा केला म्हणून लोक त्यांना ‘बाटलीवाला’ म्हणत. पुढे चीनच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळविला आणि तितक्याच मोकळ्या हाताने दिला. मुंबईचे त्यांच्या नावाचे रुग्णालय, कलाशाळा, पुण्याचा बंड आणि पाण्याची योजना यांत त्यांचा पैसा आहे. वांद्रे आणि माहीम यांमधील खाडीत माणसे बुडत, म्हणून त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन माहीमचा रस्ता बांधविला. तो १८४५ साली खुला झाला. १८५७ साली जमशेटजींना वंशपरंपरेचा ‘बॅरोनेट’ किताब मिळाला. असा किताब मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८६० च्या कायद्याने तर असे ठरविले की, किताबाचा जो वारस होईल त्याने जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावे. नावच घराण्याची खूण झाले.

त्यांच्या ढालीवरचे चित्र ऐकण्यासारखे आहे. खाली मुंबईजवळच्या घाटांची रांग, तिच्यामागून उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. ढालीवरच्या तुऱ्यात गव्हाच्या रोपांत उभा असलेला मोर, चोचीत गव्हाची लोंबी. खालच्या पट्टीवर दोनच गुणांची नावे, उद्योग आणि औदार्य. मधमाशी उद्योगाची, हे सांगायला नको. पण त्या घाटांनी मन वेधले. मुंबईच्या माणसाला सूर्य सह्याद्रीवरूनच उगवताना दिसतो. लंडनच्या कचेरीत मंजूर झालेल्या त्या चित्रात आपले डोंगर जाऊन बसले, ते या व्यापाऱ्यामुळे.

एक गोष्ट मात्र त्या ढालीवर नाही. चीनच्या ज्या व्यापारात तो पैसा झाला, त्यात कापूस होता तशी अफूही होती, आणि ती पुष्कळशी माळव्याची होती. ढालीवर गहू आला. अफूचे बोंड आले नाही. दानाने किती जीव वाचले त्याचा हिशेब मोठा आहे, तो कोणी नाकारू नये. परंतु चीनमध्ये त्या मालाने काय केले तोही हिशेब आहे. चिन्ह जसे सांगते तसे झाकतेही.

गंमत अशी की, ते बोंड एका मराठा संस्थानाच्या राजचिन्हात उघडपणे सापडते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस कैसर-इ-हिंद जाहीर करण्यात आले. त्या वेळी संस्थानिकांना प्रत्येकी एक रेशमी निशाण देण्यात आले, त्यावर त्या त्या घराण्याचे चिन्ह विलायती पद्धतीने काढले होते. ही चिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालकडील एका मुलकी अधिकाऱ्याने रचली. निशाणे सुमारे पाच फूट लांब-रुंद, त्यांचे पितळी दांडे इतके जड की धरणाऱ्यांची दमछाक व्हावी. त्याच सुमारास दख्खनमध्ये आणि मद्रासकडे १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ चालू होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या दरबारास गेले ते हातच्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत. त्या रेशमी गर्दीत सर्वांत बोलके निशाण त्यांच्याच अंगावर होते, असे माझे मत आहे.

तथापि, परक्याने आखलेल्या त्या चौकटीत आपल्या घराण्यांच्या जुन्या गोष्टी शिरल्या, हे नमूद केले पाहिजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सूर्य आणि दोन बाजूंना फणा काढलेले नाग. उन्हात झोपलेल्या पूर्वजाच्या तोंडावर नागाने फणा धरून सावली केली, अशी कथा त्या घराण्यात सांगतात. कर्नाटकाकडील जुने सिंद कुळही स्वतःस नागवंशी म्हणवीत असे. शिंदे मूळचे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे पाटील. महादजींना दिल्लीच्या बादशहाने १७८४ साली वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद दिले, तरी ते स्वतःस पाटीलच म्हणवीत. नांगराची निशाणी त्यांनी मनातून पुसली नव्हती.

बडोद्याच्या गायकवाडांचे ब्रीद ‘जिन घर जिन तख्त’. घोड्याचे खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. त्यांच्या तांब्याच्या नाण्यांवर तलवार आणि घोड्याची टाप दिसते. १८७७ च्या त्या दरबारात बडोद्याचे निशाण ज्यांनी स्वीकारले ते सयाजीराव महाराज तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. दोनच वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक गेलेला तो शेतकऱ्याचा मुलगा. खोगिराचे ब्रीद बाळगणाऱ्या या राजाने पुढे शाळा आणि ग्रंथालये उभारली.

आणि इंदूरचे होळकर. त्यांच्या चिन्हात सूर्य, घोडा, नंदी, गव्हाच्या ओंब्या आणि अफूची बोंडे. गहू आणि अफू ही माळव्याची पिके. घोडा आणि नंदी ही वाहने. घोडा कुलदैवत खंडोबाचा, नंदी महादेवाचा, आणि खंडोबा हा शंकराचाच अवतार. खालच्या संस्कृत ब्रीदाचा भाव असा की, झटणाऱ्याला लक्ष्मी लाभते, असे उमेश म्हणजे शंकर सांगतो. मल्हाररावांचे नावही मल्हारीचेच. जेजुरीगडावर होळकरांचे दगडी काम पाहिलेल्यांना हे चिन्ह समजावून सांगावे लागणार नाही.

पण त्या घराण्याची माझ्या मते सर्वांत मोठी खूण टेलरसाहेब येण्यापूर्वीची आहे. अहिल्याबाईंनी राज्य शंकराचे मानले आणि हुकमावर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ लिहिले. महेश्वरच्या टांकसाळीतील त्यांच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० साली नव्याने उभे केले, सोमनाथला १७८३ साली मंदिर बांधले. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा किती, याची मोजदाद करणे कठीण. जीर्णोद्धाराच्या कामात या बाईंची बरोबरी करणारा दुसरा देणगीदार दाखविता येणार नाही, आणि त्यांची निशाणी बेलाचे पान. त्याच बेलाच्या पानावर भंडारा घालून आपल्या पूर्वजांनी शपथा घेतल्या. बेलभंडार उचलला की शब्द फिरवता येत नसे.

संस्थाने १९४८-४९ मध्ये विलीन झाली, १९७१ साली संस्थानिकांची मान्यता व तनखेही गेले. ती रेशमी निशाणे आता पाहण्याच्या वस्तू झाल्या आहेत. देवकाची गोष्ट निराळी. ते आजही प्रत्येक लग्नात बसते, पण कसे? मंगल कार्यालयात दुकानातून आणलेली पंचपल्लवांची तयार जुडी बांधली जाते, आणि आपले देवक कोणते हे नवऱ्या मुलाला तर नाहीच, पुष्कळदा त्याच्या वडिलांनाही सांगता येत नाही. आपल्या गावातील काही घरांत ते सांगणारी शेवटची व्यक्ती ऐंशीच्या पुढे आहे.

समितीने शेवटी असे ठरविले आहे की, देणगीदारांची नावे सभामंडपाच्या उत्तर भिंतीवर, सर्वांची एकाच मापाच्या अक्षरांत कोरावीत. रक्कम लहान असो वा मोठी. चिन्ह कोणाचेच नाही. त्याऐवजी गावातील सर्व कुळांच्या देवकांची एक वही घातली आहे. सायंआरतीनंतर ती सभामंडपात उघडी असते. बाहेरगावच्या मंडळींनी पत्राने किंवा फोनवर कुळ, मूळ गाव, कुलदैवत आणि देवक कळवावे. आठवत नसेल तर घरातील आत्याबाईंना विचारावे. बहुधा त्यांनाच ठाऊक असते.